काकूंचा पाच ग्रॅम मोगरा

खोली पसंत पडली म्हटल्यावर घरमालकांनी चावी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "बावीस ग्रॅम हाय. हरवली तर दुसरी तेवढ्याच वजनाची करून घ्या. हलकी चावी कुलपात मोडतीय." मला हसू आलं, पण मी ते गिळलं. शाळेच्या ऑफिसातल्या नोकरीसाठी मी करमाळ्याहून आले होते, आणि एकट्या बाईला खोली हवी म्हटलं की निम्म्या सोलापूरकरांना अचानक गावाहून येणारे पाहुणे आठवत होते. यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, गॅसची टाकी किती दिवस पुरते ते लिहून ठेवता का? मी नाही म्हटलं. "ठेवत जावा," एवढं बोलून त्यांनी खोली दिली.

मी त्यांना काका म्हणत असे आणि त्यांच्या बायकोला काकू. मी वरच्या खोलीत, ती दोघं खाली, मुलगा-सून पुण्यात. घरात दोघं एकमेकांशी तेलुगू बोलायची. माझ्यासमोर मराठी. काका रागावले तरी मराठीतच रागवायचे, पण मोजायचे मात्र तेलुगूत. आयुष्यभर त्यांनी मोजायचंच काम केलं होतं. एका कॉलेजच्या रसायनशाळेत ते सहायक होते. प्राध्यापक शिकवायचे आणि प्रयोगाला लागणारं एकेक रसायन जोखून बाटल्यांत भरायचं काम यांचं. पस्तीस वर्षांत आपली एक बाटली चुकली नाही, हे ते दर आठ-पंधरा दिवसांनी कुणाला ना कुणाला सांगत. ऐकायला दुसरं कोणी नसलं की मला.

निवृत्तीनंतर ही सवय मोकाट सुटली. भांड्यावर लोक नाव घालून घेतात, यांनी घरातल्या प्रत्येक वाटीच्या, पातेल्याच्या बुडाला वजन कोरून घेतलं होतं. "माहेरच्या पातेल्यावर माझ्या आईचं नाव होतं की गं," काकू मला सांगत होत्या, "त्याच्या खाली ह्यांनी सहाशे चाळीस लिवून आणलं. बघणाऱ्याला वाटतंय, आईचं वजन हाय." भाजीवालीशी तर रोजचा तंटा. कोथिंबिरीची जुडी घेऊन हे आत जात, जोखत आणि दुसऱ्या दिवशी फाटकातूनच विचारत, "काल एकशे दहा होती, आज ब्याण्णव कशी?"

"बाबा, जुडी हाय ती. जुडीला वजन नसतंय."

"असतंय की. तुमी बघत न्हाई, एवढंच."

आणि तरी घेत तिच्याचकडून. ती आली नाही तर फाटकापाशी दोनदा जाऊन येत.

आता हे सगळं ऐकताना गंमत वाटते, पण त्या घरात राहणं काही गमतीचं नव्हतं. तुमच्या प्रत्येक गोष्टीवर कोणाचा तरी डोळा आहे असं सारखं वाटे. मी कचऱ्याची पिशवी खाली नेली की ते ती हातात तोलून बघत. एकदा म्हणाले, "भात लई टाकताव तुमी." दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मला राग पटकन येतो आणि तो लपवताही येत नाही.

त्यांचा जीव मात्र एकाच मापात अडकलेला होता. ते माप म्हणजे काकूंच्या साबणातला वास.

काकूंना इसब होतं. कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी कागदासारखी, जरा काही लागलं की लाल होऊन चिरणारी. बाजारातला साबण लावला की रात्र रात्र झोप नाही. म्हणून काकांनी घरी साबण करायला सुरुवात केली. करडईचं तेल, खोबरेल, थोडं एरंडेल आणि त्याला मोजून कॉस्टिक सोडा. तो साबण काकूंना सोसला. कातडी शांत झाली. पण त्याला वास नव्हता. काकूंना मोगऱ्याचा वास पाहिजे होता. लग्नाआधी त्या मोगऱ्याच्या वासाचा साबण लावायच्या, तेव्हा हातांना काही नव्हतं. "हा काय साबण म्हणायचा? भांडी घासल्यासारखं वाटतंय," त्या म्हणत.

काका ऐकून घेत. मग एका वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी किलोभर तेलाच्या साबणात एक ग्रॅम मोगऱ्याचा अर्क घातला. आधी त्या साबणाचा फेस काकूंच्या कोपरावर रुपयाएवढ्या जागेत आठ दिवस लावून पाहिला. काही झालं नाही, तेव्हाच वडी त्यांच्या हातात दिली. पुढच्या वर्षी दोन ग्रॅम. मग तीन. "लोकं साडी आणतात," काकू मला म्हणाल्या, "आमचा माणूस वर्षाला एक ग्रॅम वाढवतोय." हे सांगताना त्या तक्रार करत होत्या असं मला वाटलं होतं, पण त्यांच्या तोंडावर तसं काही नव्हतं.

अर्क आणायला काका स्वतः अत्तरवाल्या चाचांच्या दुकानात जात. एकदा मी बरोबर होते. बाटली देताना चाचा म्हणाले, "साब, ये चीज नाक से डालते, कांटे से नक्को." काका उखडले. "नाक सर्दी झाली की झोपतंय. काटा झोपत न्हाई." चाचांनी माझ्याकडे बघून हात जोडले.

मी आले त्या फेब्रुवारीत पाच ग्रॅमची पाळी होती. जुन्या तराजूची दांडी ज्या धारेवर डुलते ती धार झिजली होती आणि चिमट्याने बारीक वजनं उचलताना काकांचा हात कापायला लागला होता. म्हणून मुलाने पुण्याहून डिजिटल काटा आणून दिला. पांढरा, चपटा, ग्रॅम दाखवणारा. काकांनी आधी त्याच्यावर घरातली सगळी भांडी चढवली. बुडाला कोरलेले आकडे आणि काट्यावरचे आकडे जुळले, तेव्हा ते म्हणाले, "माणूस बरा हाय."

साबणाच्या दिवशी मी रविवार मोडून मदतीला गेले. मागच्या पडवीत दार-खिडकी बंद. पंख्याच्या वाऱ्याने काटा हलतो म्हणून पंखा बंद. मोबाइल बाहेर. काकूंनी आतल्या खोलीत खोकायचंही नाही. सोड्याचं पाणी तेलात पडलं, मी लाकडी दांड्याने ढवळत राहिले, घोळ पातळ पिठल्यासारखा दाटत आला. आता अर्क. तो वेळेवर पडला नाही आणि घोळ घट्ट झाला, तर अख्खा घाणा वाया. आणि जास्त पडला तर काकूंचे हात. पाच ग्रॅमच्या त्या वाटीवर किती काय लटकलेलं होतं हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

काकांनी काट्यावर रिकामी वाटी ठेवली, बटण दाबून आकडा शून्यावर आणला आणि ड्रॉपर उचलला. एक थेंब. थांबले. थेंब वाटीत पसरला. मग दुसरा. "ओकटी... रेंडू... मूडू..." ओठातल्या ओठात. इतकं सावकाश की मला ओरडावंसं वाटलं. आकडा हलेना. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता, दांडा जड व्हायला लागला होता. मधूनच ड्रॉपर जास्त दाबला जाऊन थेंबांची धार लागली की आकडा एकने सरके आणि पुन्हा तिथेच बसे. मी म्हटलं, "काका, घोळ दाटला." त्यांनी मान वर न करता दुसरा हात उचलला. गप्प राहा. अखेर पाच आले. त्यांनी ड्रॉपर बाटलीशेजारी ठेवला, वाटी घोळात रिकामी केली, तेवढ्यात फाटकावर गॅसवाला ओरडला. "ढवळत ऱ्हावा," म्हणून ते गेले.

दोन मिनिटं मी त्या पडवीत एकटी होते. समोर मोगऱ्याची उघडी बाटली. खरं सांगायचं तर मनात आलं. काकू मला आदल्या दिवशीच हळूच म्हणाल्या होत्या, "ह्यांची पाठ फिरली की दोन थेंब जास्त टाक की गं." मी ड्रॉपर हातातही घेतला. मग काकूंचे ते हात आठवले आणि परत ठेवला. नेमके तेव्हाच काका दारात आले. त्यांनी माझा हात पाहिला, ड्रॉपर पाहिला आणि बाटलीला घट्ट झाकण लावलं.

साबण दीड महिना फळीवर वाळला. कोपरावर लावून बघायचं यंदा राहून गेलं, कारण काकूच ऐकेनात. दर वर्षी बघता, दर वर्षी काही होत नाही, मग कशाला? लग्नाच्या वाढदिवसाच्या सकाळी त्यांनी नवी वडी घेतली.

आठ दिवसांत हात लाल झाले. बाराव्या दिवशी कातडी चिरली आणि पाणी यायला लागलं. एप्रिलचं ऊन, त्यात घाम, काकू दोन्ही हात सुती कापडावर पसरून बसलेल्या. डॉक्टरांनी विचारलं, नवीन काय लावलं? काकू घाईघाईने म्हणाल्या, "काय न्हाई, साबण तोच हाय." डॉक्टरांनी तरी साबण बंद करायला सांगितला, मलम दिलं, गोळ्या दिल्या आणि आठ दिवसांत उतार पडला नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल म्हणाले. काकांनी घरी येऊन आपली वजनांची वही उघडली.

काका कधी वर येत नसत. काही असलं तर खालून हाक. त्यामुळे रविवारी सकाळी जिन्यात त्यांची पावलं वाजली तेव्हाच मी दार उघडून उभी राहिले. एका हातात मोगऱ्याची बाटली, दुसऱ्या हातात वही.

"बसा ना काका."

"बसायला न्हाई आलो. ही बाटली. साबणाआधी एकशे पासष्ट लिवलीय, पाच ग्रॅम काढल्यावर झाकणासकट एकशे साठ पायजे. आता जोखली. एकशे पंचावन्न."

मला आधी कळेचना.

"झाकण घट्ट हाय, उडून गेलं म्हणायला जागा न्हाई," ते म्हणाले. "त्या दिवसानंतर बाटलीला कोणी हात लावला न्हाई. त्या दिवशी मी फाटकावर गेलो, तवा तुमी पडवीत एकट्या होता. तुमच्या हातात ड्रॉपर होता. पाच ग्रॅम कुटं गेलं?"

"मी घातले म्हणता?"

"मी म्हणत न्हाई. बाटली म्हणतीय."

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ते प्रयोगाचा निकाल वाचावा तसं बोलत होते. माझं डोकं फिरलं. पण रागाच्या खाली एक भीतीही होती, आणि ती जास्त वाईट होती. ड्रॉपर माझ्या हातात होता हे खरं होतं. काकूंनी सांगितलेलं खरं होतं. न कळत चार थेंब पडले का? मी परत ठेवला तो खरंच परत ठेवला ना? खाली ती बाई हात पसरून बसली होती, आणि क्षणभर मला माझीच खात्री वाटेना.

"मी हात लावला होता," मी म्हटलं. "मनातही आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण घातलं नाही. एक थेंब नाही."

"मग काटा खोटा?"

"मला काय माहीत! चला खाली. जसं त्या दिवशी मोजलं तसंच माझ्यासमोर मोजा. तसंच, तेवढंच हळू. आणि मग सांगा. नाहीतर मी आज संध्याकाळी खोली सोडते, पण हा आळ घेऊन जाणार नाही."

पडवीत आम्ही समोरासमोर बसलो. पंखा बंद, दार बंद. बाटलीतला अर्क कशाला घालवायचा म्हणून त्यांनी पाणी घेतलं. तीच वाटी. बटण दाबलं, शून्य आलं. ड्रॉपर उचलला. एक थेंब, थांबणं, पसरणं. "ओकटी... रेंडू..." मी आकड्यावरून नजर हलवली नाही. शून्य. वीस झाले, शून्य. वाटीच्या तळाला पाणी दिसायला लागलं होतं. चाळीस. शून्य. काकांचा आवाज बारीक होत गेला. साठाला ते थांबले.

"त्या दिवशी पण लई थेंब लागले," ते स्वतःशीच म्हणाले. "मला वाटलं ड्रॉपर नवा हाय, थेंब बारीक पडतोय."

त्यांनी वाटी उचलून बाजूला ठेवली, काटा बंद केला, पुन्हा चालू केला, मग ती पाण्यासकट वाटी त्यावर ठेवली. वाटीच्या बुडाला चौऱ्याऐंशी कोरलेलं होतं. काट्याने सत्त्याऐंशी दाखवले. आत तीन ग्रॅम पाणी होतं, आणि ते पडत असताना काट्याला त्याचा पत्ताही नव्हता.

त्यांनी ते आणखी दोनदा करून पाहिलं. मग धार धरून भरभर पाणी ओतलं, तर काटा लगेच बरोबर बोलला. जड भांडं एकदम ठेवलं की बरोबर, धार धरली की बरोबर. फक्त कोणी अगदी जपून, एकेक थेंब, थांबून थांबून घातला, तर तेवढा बारीक फरक काटा स्वतःच पुसून टाकी; तो थेंब त्याच्या लेखी पडलेलाच नसे. मी असते तर पळीने भसकन ओतून मोकळी झाले असते आणि माप बरोबर आलं असतं. चुकायला यांच्याइतकाच काळजीचा माणूस लागत होता.

माझा राग कुठे गेला कळलं नाही. समोर एक म्हातारा माणूस वाटीतल्या पाण्याकडे बघत बसला होता. मला एकदम त्यांची दया आली.

"तुमचं काय चुकलं न्हाई," ते म्हणाले. मग उठले. "चला. तिच्यासमोर सांगतो."

काकू आतल्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या, हात मांडीवरच्या कापडावर. काकांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काटा, थेंब, बाटली, दुप्पट. माझ्यावर आळ घेतला होता तेही सांगितलं, काही गाळलं नाही. "चूक माझी हाय," म्हणाले. "पस्तीस वर्षांत झाली न्हाई, ती तुझ्या हातावर झाली."

काकूंनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"काय?"

"जास्त हाय ते. पाणी घेतलं न् सगळी न्हाणी मोगऱ्यानं भरून गेली. लग्नाआधी यायचा तसा वास. मला वाटलं, औंदा तुमी मुद्दाम जास्त घातलं. माझ्यासाठी. म्हणून बोलले न्हाई मी. खाज सुटली तरी बोलले न्हाई. तुमाला कळलं असतं तर पुढच्या वर्षी परत एक ग्रॅमवर आणलं असतं तुमी."

त्या बारा दिवस, हात लाल होऊन चिरेपर्यंत, तीच वडी लावत होत्या. डॉक्टरांसमोर घाईघाईने बोलल्या होत्या ते यासाठी. मला खोलीत उभं राहणं अवघड झालं.

"म्हंजे," काकू म्हणाल्या, "मुद्दाम नव्हतं घातलं तुमी?"

मी काकूंच्या मागे उभी होते. मी काकांकडे बघून जोरजोरात मान हलवली. हो म्हणा. एकदा हो म्हणा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलंही, नक्की कळलं. मग त्यांनी काकूंकडे पाहिलं.

"न्हाई," ते म्हणाले. "मी पाचच मोजत होतो."

"बरं," काकू म्हणाल्या आणि हात कापडावर पुन्हा नीट मांडले.

काकूंचे हात पुढे महिन्याभरात भरून आले. मी त्या घरात आणखी दोन वर्षं राहिले. माझ्यावर घेतलेल्या आळाबद्दल काकांना मी त्याच दिवशी माफ केलं होतं. त्या "न्हाई"बद्दल मात्र अजून केलेलं नाही.